थर्माकोलचा राक्षस, रिकामं पुणं आणि दोन लाख चाळीस हजार: मदत हवीय

मुठाकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सहा जण मिळून एक फिल्म करतोय, मराठीत, साधारण ७० मिनिटांची. सगळे नोकरीवाले, त्यामुळे शूट फक्त शनिवार-रविवार. बजेट २ लाख ४० हजार, त्यातले १ लाख १० हजार संपलेत आणि हातात १८ मिनिटं आहेत, त्यातली सात बघण्यासारखी. गोष्ट अशी की नारायण पेठेत तळघरात एक अभ्यासिका आहे, तिथे पाच पोरं रात्री अभ्यासाच्या नावाखाली टाइमपास करत बसलीयत, चार दहावीची आणि एकीचा धाकटा भाऊ. सकाळी शटर वर करून बाहेर येतात तर पुण्यात कोणीच नाही. गाड्या आहेत, दाराच्या कडीला दुधाच्या पिशव्या लटकतायत, रस्त्यावर नुसते कपडे पडलेत, माणूस नाही. मग हळूहळू कळतं की नदीत जलपर्णीच्या खाली काहीतरी आहे आणि ते रात्री वर येऊन माणसाच्या अंगातलं पाणी ओढून घेतं.

ऐकायला बरं वाटतं ना? आता खरी गोष्ट ऐका.

राक्षस. आमच्यातल्या एकाचा मामेभाऊ गणपतीची डेकोरेशनं करतो, त्याच्याकडून करून घेतला. आत थर्माकोल, वर लॅटेक्स, त्यावर जुनी मच्छरदाणी हिरव्या रंगात बुडवून. १४ हजार गेले. बिचाऱ्याने कष्ट खूप घेतले पण कॅमेऱ्यासमोर तो राक्षस वाटतच नाही, आता कुठल्याही क्षणी पडदा बाजूला होईल, भारदस्त आवाजात निवेदन सुरू होईल आणि मागे बाप्पा दिसतील असं वाटतं. ओंकारेश्वराजवळ घाटावर शूट करत होतो तर पावसाची एक सर आली आणि सगळा हिरवा रंग उतरून आमच्या एका पोराच्या शाळेच्या शर्टावर. त्याच्या आईचा रात्री फोन, "तुमचा राक्षस दोनदा साबणात भिजवला, निघत नाहीये."

मागच्या रविवारी १२ मित्रांना चार मिनिटांचा ट्रेलर दाखवला. रिकाम्या गल्लीपर्यंत सगळे गप्प होते, राक्षस आला आणि जे हसायला लागले ते हसतच बसले. एक जण म्हणाला कॉमेडी म्हणून टाक, चालेल. झोप नाही लागली राव त्या रात्री.

तर प्रश्न दोन. एक, पुणं रिकामं कसं दाखवायचं, आम्हाला आत्तापर्यंत एकच गल्ली धड मिळालीय आणि तिथेही एका शॉटमध्ये मागून एक आजोबा पिशवी घेऊन निघून गेलेत (२५ मार्च २०२० नंतर दोन महिने अख्खं शहर फुकटात रिकामं होतं आणि मी घरात बसून वेब सिरीज बघत होतो, हे दुःख वेगळंच). आणि दोन, या राक्षसाचं काय करू? नवीन करायला पैसे नाहीत, ठेवला तर लोक हसतात.

पेठी_पोपट

दुपारी १ ते ४ शूट करा. पेठेत माणूस दिसणार नाही आणि चुकून दिसलाच तर तो स्वतःच तुम्हाला हाकलून देईल.

बाकी १४ हजारात तो राक्षस येत्या गणपतीत मंडळाला भाड्याने द्या, बजेट भरून निघेल.

तिसरी_घंटा

पोपटरावांनी थट्टेत लिहिलंय पण मला विचाराल तर ते बरोबर आहे. सगळे जण जगबुडी म्हटली की पहाटेचा निळा उजेड, धुकं, अंधार याच्याच मागे लागतात. मे महिन्यात दुपारी अडीचला शनिवार पेठेत उभं राहून बघा, ऊन रणरणतंय, सावली आखूड झालेली, खिडक्या बंद, डांबर चटके देतंय, एक कुत्रं गाडीखाली धापा टाकतंय. आणि तुमची गोष्ट पाणी ओढून घेणाऱ्या प्राण्याची आहे, मग उन्हाला घाबरायला लावा की. कोरडेपणाच दाखवा. ओठ फुटलेले, माठ रिकामा, झाडाला घातलेल्या पाण्याचा आळ्यात वाळलेला डाग.

पण लक्ष्मी रोडसारखा मोठा रस्ता दुपारी मिळणार नाही, त्याला पहाटच. इथे एक हिशोब करा. जानेवारीत पुण्यात सूर्य उगवायला सात वाजून जातात आणि तोवर स्कूल व्हॅन, दूधवाले, टेकडीवर जाणारे सगळे रस्त्यावर आलेले असतात, म्हणजे उजेड आणि माणसं एकदमच येतात, तुम्हाला काहीच मिळत नाही. मे अखेरीला सहाच्या जरा आधी उजाडतं, शाळांना सुट्टी, म्हणजे साडेपाच ते सव्वासहा हा पाऊण तास तुमचा. तो पाऊण तास एका कॅमेऱ्यावर घालवू नका, चार मोबाइल लावा चार कोपऱ्यांत. २००२ साली आलेल्या 'ट्वेंटी एट डेज लेटर' या फिल्मवाल्यांनी रिकामं लंडन असंच मिळवलं, उन्हाळ्यात पहाटे, ट्रॅफिक दोन-चार मिनिटं थांबवायचा, आणि कॅमेरे साधे डिजिटल टेपवाले होते, चटकन उभे करता यावेत म्हणून एकदम बरेच लावायचे. त्यांच्याकडे पोलीस होते, आपल्याकडे भाऊबीज आहे. त्या दिवशी सकाळी अर्धं पुणं गावाला नाहीतर झोपेत असतं.

आजोबा फ्रेममध्ये आले त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कॅमेरा खाली ठेवा, गुडघ्याच्या उंचीवर. रस्त्यावरचे कपडे मोठे दिसतील आणि लांबचा रस्ता दिसणारच नाही. एक चप्पल उलटी पडलेली, तिच्या बाजूला भाजीची पिशवी, त्यातले टोमॅटो सुरकुतलेले. एवढं पुरतं.

राक्षसाबद्दल माझं मत ठाम आहे, दाखवू नका. कॉलेजात असताना आम्ही पुरुषोत्तम करंडकला (कॉलेजांची एकांकिका स्पर्धा) एक एकांकिका केली होती त्यात विहिरीतलं भूत होतं. भरत नाट्य मंदिराच्या स्टेजवर विहीर म्हणजे एक रहाट आणि बादली, बाकी काही नाही. ठरलं असं की भूत येणार तेव्हा नुसता दोर आपोआप खाली जायला लागतो, आधी हळू आणि मग एकदम सुसाट. विंगेतून एक मुलगा ओढायचा, त्याच्या हाताला फोड आले होते तालमीत. पहिल्याच प्रयोगाला बाल्कनीतून बाई किंचाळली, आणि तिने बघितलं काय तर दोर.

रक्त लागणार असेल तर काकवी घ्या, त्यात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी. १९६८ साली 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये चॉकलेट सिरप वापरलेलं, पण ती ब्लॅक अँड व्हाईट होती म्हणून खपलं. बीटच्या भानगडीत पडू नका, कॅमेऱ्यात जांभळं दिसतं. काकवीला मुंग्या येतात मात्र, आमचा एक मेलेला नट पाच मिनिटांत उठून नाचायला लागला होता.

बूमवाला_भावड्या

मी साउंडवाला आहे त्यामुळे मला सगळीकडे साउंडच दिसतो, पण भावा तुझ्या पोस्टमध्ये आवाज हा शब्द एकदाच आलाय आणि तोही गणपतीच्या निवेदनाचा. लोक हसले ते राक्षसाला हसले हे खरं, पण राक्षस येताना काय ऐकू येत होतं? पैज लावतो, कुठून तरी उतरवलेली ढॅणढॅण आणि सिंहाची डरकाळी स्लो करून.

रिकामं शहर डोळ्यांना दाखवायला पैसे लागतात, कानाला दाखवायला नाही लागत. तू विचार कर, माणसं गेली तर पुण्यातून काय काय आवाज जाईल आणि कुठल्या क्रमाने. गाड्या गेल्या, कुकर गेले, मंदिराची घंटा गेली. पण वीज लगेच नाही जाणार, ती जाईल काही तासांनी, आणि ती गेली की पहिल्यांदा कळेल की फ्रिजची घरघर आपण आयुष्यभर ऐकत होतो. मग इन्व्हर्टर. बिल्डिंगमध्ये बारा घरं, प्रत्येकाची बॅटरी वेगवेगळ्या वयाची, म्हणजे रात्री एकेक घरातून पीं... पीं... पीं... सुरू होणार बॅटरी संपत आल्याचं, बंद दाराच्या मागून, कोणी उठून बंद करणार नाही, आणि मग एकेक करून थांबत जाणार. शेवटचं थांबतं तेव्हा पोरं जिन्यात बसलेली ठेव. मला लिहितानाच काटा आला.

आता तुला एक फुकट देतो, नंतर क्रेडिट दे. सोसायट्यांमध्ये तो पाण्याच्या टाकीचा बोलणारा अलार्म असतो बघ, टाकी भरली की बाई बोलते, "कृपया ध्यान दें, पानी की टंकी भर गई है". काही मॉडेलं सेलवर चालतात. तर तुझ्या फिल्ममध्ये तिसरी रात्र आहे, शहरात वीज नाही, नळाला पाणी नाही, माणूस नाही, मोटर लावणार कोण? आणि मिट्ट अंधारात गच्चीवरून ती बाई बोलायला लागते. टाकी भरलीय. कशाने भरली?

राक्षस बिक्षस काही नको मग. झाकणच उघडू नकोस.

त्याचा आवाज तरी हवाच असेल तर ओलं गोणपाट घे, शहाबादी फरशीवरून ओढ, माइक फरशीला चिकटवून. रेकॉर्डिंग अर्ध्या वेगाने वाजव, बरोबर एक सप्तक खाली जातं आणि अचानक ते खूप जड काहीतरी होतं. चावण्याला आळूची पानं देठासकट पिळ. आणि प्रत्येक जागेवर शूट संपलं की दोन मिनिटं सगळ्यांना गप्प उभं करून नुसती शांतता रेकॉर्ड करून घे. गल्लीची शांतता वेगळी, जिन्यातली वेगळी, नदीकाठची तर फारच वेगळी. एडिटला बसलास की कळेल मी काय म्हणतोय ते.

मुठाकाठचा

@बूमवाला_भावड्या, ढॅणढॅण होती. डरकाळी हत्तीची होती, सिंहाची नाही. पण टाकीची बाई!!! मी हे वाचून ऑफिसमध्ये उभा राहिलो, शेजारचा विचारतोय काय झालं.

@तिसरी_घंटा, भाऊबीज लिहून घेतली आहे. बहिणीला अजून सांगितलं नाहीये.

धूमकेतू_८६

टाकीवरून आठवलं म्हणून लिहितो. आपल्याकडची जगबुडी ही अमेरिकन जगबुडीपेक्षा वेगळी असणार आणि तुम्ही लोक तीच कॉपी मारत बसता याचा मला राग येतो. तिकडे पोरं सुपरमार्केटात घुसतात आणि डबाबंद बीन्स खातात. पुण्यात कोणाच्या घरी डबाबंद बीन्स आहेत? इथे बरणीत लोणचं आहे, डब्यात कुरडया, पापड, भाजणी, सांडगे, तांदळात सोनकिडे. पण भाजणीला पाणी लागतं आणि कुरडया तळायला गॅस. सिलेंडर आहेत भरपूर, पाणीच नाही. तुमच्या राक्षसालाही पाणी हवंय आणि पोरांनाही, हा धागा पकडा की.

पाण्याचं असं आहे. खडकवासल्याचं पाणी पर्वतीला येऊन शुद्ध होऊन शहरात जातं, ते पुढे ढकलायला पंप लागतात, वीज गेली की तुमच्या नळाचं संपलं. सोसायटीच्या खालच्या टाकीत पाणी असेल पण वर चढवायला मोटर नाही. राहिलं काय, तर प्रत्येक गच्चीवर जेवढं काल चढवून ठेवलंय तेवढं. म्हणजे पोरांचा नकाशा रस्त्यांचा नाही, गच्च्यांचा होणार. पेठेत वाडे-बिल्डिंगी इतक्या चिकटून आहेत की काही ठिकाणी एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाता येतं. काळी टाकी, झाकण उघडायचं, आत अंधार, हात घालून बघायचं पाणी किती उरलंय. हात घालायचाय, लक्षात घ्या. शूटिंगला पण बरं, गच्चीवरून रस्ता दाखवावा लागत नाही, आभाळ आणि टाक्या आणि घारी.

गाडीचं पण बघा, पोरं ॲक्टिव्हावरून आठवडाभर फिरताना दाखवाल तर पेट्रोल कुठून आणलं ते दाखवा, वीज नसेल तर पंपावरचं मशीन चालत नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांतून नळी घालून तोंडाने ओढावं लागेल आणि पहिल्यांदा ओढणारा हमखास ओकतो. हा सीन फुकट आहे.

एक जुनी फिल्म बघून ठेवा, १९८४ ची 'नाईट ऑफ द कॉमेट'. हॅलेचा धूमकेतू यायच्या दोन वर्षं आधीची. धूमकेतू जवळून जातो, बघायला बाहेर आलेल्या बहुतेक लोकांची लाल भुकटी होते, दोन बहिणी वाचतात कारण एक सिनेमाच्या प्रोजेक्टर रूममध्ये होती आणि दुसरी पत्र्याच्या शेडमध्ये. पैसे नव्हते म्हणून आभाळ फिल्टरने लाल केलं आणि रस्ते पहाटे शूट केले. राक्षस त्यातही फार थोडे आहेत. पण लक्षात राहतं ते हे की जग संपलंय आणि त्या दोघी मॉलमध्ये जाऊन कपडे घालून बघतायत, नाचतायत. तुमची पोरं काय करतात हो? तुमच्या पूर्ण पोस्टमध्ये राक्षसाला दोन परिच्छेद आहेत आणि पोरांना अर्धी ओळ.

नारायणपेठ_१९५१

वरच्या शेवटच्या वाक्याशी सहमत आहे म्हणून लिहितो. मी सिनेमातला नाही. माझं वय बघायचं तर नाव वाचा.

पुणं बुडालेलं मी पाहिलंय. १२ जुलै १९६१, बुधवार. मी दहा वर्षांचा. सकाळी पानशेत फुटलं आणि मग खडकवासला. लकडी पुलावरून पाणी गेलं. आम्हाला आईने हाताला धरून शुक्रवारात मामाकडे नेलं, पाणी येताना मी पाहिलं नाही, त्यामुळे त्याचं काही सांगत नाही, पुष्कळांनी सांगून झालंय. मला सांगायचंय ते दोन दिवसांनंतरचं.

परत आलो तर घरात गुडघ्याच्या वर गाळ. वास असा की अजून कधी पावसाळ्यात गटार तुंबलं की मला दहा वर्षांचं व्हायला होतं. भिंतीवर पाणी चढलेलं त्याची सरळ रेघ, फूटपट्टीने मारल्यासारखी, आणि रेघेच्या वर देवाचं कॅलेंडर जसंच्या तसं. पोटमाळ्याच्या कठड्याला एक चिनी मातीची बरणी अडकलेली. आमची नव्हे. कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. दादरा (तोंडावरचं फडकं) बांधलेला, दोरी घट्ट, आत कैरीचं लोणचं, वर तेल. मोठी माणसं सगळी रडत होती आणि आई ती बरणी हातात घेऊन नुसती उभी होती, की खावं का नाही.

आणि आम्ही मुलं काय करत होतो? खेळत होतो रे. मी आणि माझा भाऊ गाळात हात घालून वस्तू शोधायचो, ज्याला चमचा मिळेल त्याला एक गुण, तांब्या मिळाला तर पाच. एकदा भावाच्या हाताला मऊ काहीतरी लागलं आणि त्याने हात काढून घेतला, मग आम्ही त्या कोपऱ्यात गेलो नाही. काय होतं ते विचारलंही नाही कोणाला. खेळ मात्र थांबवला नाही, जागा बदलली.

धरणंच फुटली म्हणून नळ कोरडे. शहर पाण्याने बुडालं आणि प्यायला पाणी नाही, विहिरीवर रांगा. तुमच्या गोष्टीत हे कुठे बसतं ते तुम्ही बघा.

तिसरी_घंटा

काका, नमस्कार. "खेळ थांबवला नाही, जागा बदलली" हे वाचून थोडा वेळ काही टाइप करता आलं नाही.

सही_शिक्का

चर्चा रंगलीय त्यात मी बोअर करतो, सॉरी, पण हे कोणीच बोललेलं नाही. मुठाकाठचा, तो धाकटा भाऊ किती वर्षांचा आहे? दहावीची पोरं १५-१६ ची असतील, पण तो १४ च्या आतला असेल तर कायद्याने बालकलाकार झाला आणि नुसता आईबाबांच्या सहीचा कागद पुरत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. २०१६ ला बालकामगार कायदा बदलला तेव्हापासून. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, शाळा बुडवायची नाही, आणि जे काही मानधन द्याल त्यातला किमान २० टक्के भाग त्याच्या नावाने बँकेत ठेवायचा. हे मोठ्या बॅनरलाच आहे असं समजू नका.

ड्रोनचा विचार पण मनात आला असेल तर आधी सरकारी नकाशा उघडून बघा, एकीकडे लोहगावचा विमानतळ आणि एकीकडे एनडीए (संरक्षण प्रबोधिनी), लाल रंग (म्हणजे उडवायला बंदी) कुठवर येतो ते बघून गप्प बसाल. वेताळ टेकडीवर जाणार असाल तर वन खातं. रस्त्यावर कपडे टाकून ठेवणार आहात तर चौकीत आधी एक कागद देऊन या, नाहीतर पहाटे सहाला कोणीतरी फोन करेल की इथे दहा माणसं नागडी पळून गेलीयत.

थिएटरला लावणार असाल तर सेन्सॉर, तिथे आता यूए मध्ये ७, १३ आणि १६ असे तीन भाग झालेत. पोरांच्या फिल्मला पोरांनाच आत सोडलं नाही असं व्हायला नको, तेवढं रक्त बघून टाका.

मुठाकाठचा

तेरा वर्षांचा आहे. मावसभाऊ आहे माझा, मानधन म्हणून वडापाव देतोय. २० टक्के वडापाव बँकेत कसा ठेवू ते सांगा :) 

नाही, मस्करी बाजूला, हे खरंच माहीत नव्हतं, उद्या चौकशी करतो. तोवर त्याचं शूट थांबवतो.

बॅकबेंच_दहावी_क

दादा मी या वर्षी दहावीला आहे आणि हे सगळं आईच्या अकाउंटवरून लिहितेय तर लवकर लिहिते. तुम्ही ट्रेलरची लिंक टाकली होती ती पहिल्या दिवशी बघितली (नंतर काढलीत, कळलं). राक्षस सोडा, मला हसू आलं ते डायलॉगला. ती मुलगी म्हणते "मित्रांनो, कदाचित आपणच या पृथ्वीवरचे शेवटचे मानव आहोत". अहो कोण बोलतं असं? आमच्यातलं कोणी बोललं ना तर बाकीचे चार जण जग संपलंय हे विसरून तिला चिडवत बसतील. आम्ही म्हणू "ए गप ना, प्रँक आहे" आणि हे दुपारपर्यंत म्हणत राहू, कारण नाही म्हटलं की रडू येईल.

मी काय करेन ते सांगू? आधी क्लासच्या सरांच्या कपाटातून प्रिलिमचा पेपर काढेन. मग आठवेल की प्रिलिमच नाहीये, तरी एकदा बघेन कुठले प्रश्न होते. मग आम्ही सगळ्या लक्ष्मी रोडला जाऊन शालू नेसू, कोणालाच नीट येणार नाही, पिना शोधत बसू. आणि वीज गेली असेल तर पहिलं काम मस्तानी! सगळ्या दुकानांतलं आइस्क्रीम वितळायच्या आत खायला पाहिजे, ते पण पातेल्याने. दुपारपर्यंत सगळ्यांची पोटं बिघडलेली आणि संडासात पाणी नाही. हे पण हॉररच आहे, कोणी दाखवत नाही.

रात्री मात्र वेगळं होईल. आम्ही कोणी राक्षसाबद्दल बोलणार नाही. सगळ्या आपापला फोन काढतील, नेटवर्क नाही हे माहितीये तरी आईला लावून बघतील. मग कोणाला तरी सुचेल की व्हॉट्सॲपवर आईचे व्हॉइस नोट आहेत, पण नेट नाही तर जे आधी ऐकलेत म्हणजे डाउनलोड झालेत तेच वाजणार. माझी आई रोज चार पाठवते आणि मी ऐकतच नाही, नुसतं "ओके" टाइप करते. आत्ता बघितलं, माझ्याकडे वाजणारे फक्त तीन आहेत. एकात ती म्हणतेय येताना कढीपत्ता आण, एकात मागे कुकरची शिट्टी आहे म्हणून काहीच कळत नाही, आणि एक चुकून दाबला गेलाय, त्यात ती कोणाशी तरी हसतेय नुसती. फोन ११ टक्के.

तो सीन ठेवा ना. आई आली, बाय.

बूमवाला_भावड्या

कुकरची शिट्टी असलेला वाजवा. काहीच न कळणारा. तोच. सगळ्या पोरी कान लावून ऐकतायत की ती काय म्हणतेय, परत परत, आणि बॅटरी उतरतेय. आणि ते चालू असताना गच्चीवरून टाकीची बाई.

मी रेकॉर्डर घेऊन येतो, पैसे नको.

मुठाकाठचा

काल रात्री आम्ही सहाही जण बसलो आणि हा धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं. राक्षस पूर्ण काढला. मामेभावाला सांगायचं माझ्यावर आलं, मी चाचरत होतो तर तोच म्हणाला बरं झालं, मला त्याची लाजच वाटत होती, मच्छरदाणी तेवढी परत दे. फक्त एक बोट ठेवतोय, तेही टाकीच्या झाकणाखालून दिसेल न दिसेल असं, आणि भावड्या तेवढंही नको म्हणतोय, एडिटला भांडू.

पाच पोरांचे डायलॉग फाडून टाकले. रविवारी त्यांनाच गोळा करून फोन काढून घेतले, एका रिकाम्या फ्लॅटमध्ये बसवलं आणि सांगितलं की बाहेर कोणी नाहीये, बोला. पहिली वीस मिनिटं नुसते एकमेकांना चिडवत होते. मग धाकट्याने (कॅमेऱ्यावर नाही घेतलं त्याला, सही_शिक्का साहेब, नुसता बसला होता) विचारलं, "मग माझा डबा कोण भरणार?" आणि कोणी हसलंच नाही. पहिली ओळ तीच ठेवलीय.

काका, बरणीची परवानगी हवी होती. पोरांना तिसऱ्या दिवशी गच्चीवर एक अनोळखी बरणी सापडते, दादरा बांधलेली, आणि खायचं का नाही यावरून भांडण होतं. तुमचं नाव टाकू ना शेवटी?

शूट मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत, शनिवार-रविवार पहाटे ५ ला आणि मग दुपारी २ ला. रिकामी गच्ची, काळ्या टाक्या, कपडे (जुने, सगळ्या साइजचे, परत मिळणार नाहीत) कोणाकडे असतील तर सांगा. आणि मुख्य म्हणजे तो बोलणारा अलार्म, सेलवाला, चालू स्थितीतला. दुकानात मिळतोय तो नवीन एकदम स्वच्छ बोलतो, आम्हाला जरा खरखरणारा हवाय.

नारायणपेठ_१९५१

नाव नको. बरणी देतो, अजून आहे आमच्याकडे. फुटली तर फुटली, पण दोरी नीट बांधा, आजकाल कोणाला येत नाही. मी येऊन बांधून देईन.

पेठी_पोपट

अलार्म आमच्या सोसायटीत आहे. खरखरतो, मध्येच अडकतो आणि "टंकी भर" एवढंच म्हणून थांबतो, पाऊस आला की विनाकारण रात्री दोनला बोंबलतो. दोन वर्षं मीटिंगमध्ये विषय आहे की काढून टाका. रविवारी स्क्रू ड्रायव्हर घेऊन या, चौथा मजला, लिफ्ट बंद आहे. परत आणून देऊ नका.